उंदराच्या डोळ्याचं कासव

कासवाचा डोळा मी काढला तो रविवारी दुपारी, अडीच-पावणेतीनच्या सुमारास, ड्रॉइंगवर खुणा करायच्या काळ्या मार्करनं. रमझान चालू होता, ऑफिस लवकर सुटायचं, आणि रिकाम्या दुपारी माझ्यासारखा माणूस घरात काय उद्योग करून ठेवेल याची बायकोला कल्पना नव्हती. ती पलीकडच्या खोलीत आडवी झाली होती. मुलगी ऑगस्टमध्ये हॉलंडला शिकायला जाणार होती, तिची सामानाची यादी फोनवर चालली होती. मी चित्र टेबलावर भिंतीला टेकवून उभं केलं आणि तिला म्हटलं, "धर गं जरा दोन्ही बाजूंनी, हलू देऊ नकोस."

ती चित्रासमोर उभी राहिली, फोन दातात धरला आणि कॅनव्हासच्या दोन्ही कडा पकडल्या. मी तिच्या हाताखालून वाकलो, चष्मा कपाळावर सारला, श्वास रोखला आणि टिंब दिलं. टिंबाभोवती एक बारीक गोल. मागं होऊन पाहिलं. झकास जमला होता. कासव पहिल्यांदाच कुठंतरी बघत होतं.

"डन?" फोन दातातून काढून मुलगी म्हणाली.

"झालं."

चित्र आमचं नव्हतं, हे मी आत्ता सांगतोय. यावरून माझा स्वभाव लक्षात यावा.

चित्र समोरच्या व्हिलातल्या आंटींचं. त्या मूळच्या हवाईच्या. नकाशात जिथं नुसता निळा रंग असतो आणि मधेच चार ठिपके, तिथल्या. साठीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांची जाड वेणी, घरात-दारात अनवाणी. मुलीला शाळेत चित्रकला त्यांनीच शिकवली. तिकडंही वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, त्यामुळं आमची मोठी सोय झाली. दोहातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये त्या आणि त्यांचा मुलगा असे दोघेच राहायचे. मुलगा तिशीतला, समुद्राच्या तळाची मोजणी करणाऱ्या एका बोटीवर कामाला. महिना पाण्यावर, महिना घरी.

आंटी फक्त कासवं काढायच्या. हिरव्या पाण्यात वरून उन्हाची जाळी पडलेली आणि त्यातून एकच कासव, एका बाजूनं दिसणारं, निवांत चाललेलं. मे महिन्याच्या शेवटी त्यांचा एसी बंद पडला. दमट हवेत कॅनव्हासवर बुरशी धरते म्हणून त्यांनी हे चित्र आमच्याकडं आणून दिलं. म्हणाल्या, "तुझ्या घरात थंड आहे. भिंतीवर लावू नकोस, काही करू नकोस. नुसतं ठेव."

नुसतं ठेव. एवढंच काम होतं.

पण त्या कासवाला डोळा नव्हता. सगळं कवच रंगवलेलं, एकेक खवला वेगळ्या छटेचा, मानेवरच्या सुरकुत्यासुद्धा काढलेल्या आणि डोळ्याच्या जागी मसुराच्या डाळीएवढा कोरा कॅनव्हास. येता-जाता मला तेवढंच दिसायचं. एक तर माझा धंदा. अल रय्यानच्या बाजूला वर्ल्ड कपसाठी जे स्टेडियम उभं राहत होतं, तिथं मी ड्रॉइंग तपासायचो. कुठं माप राहिलंय, कुठं खूण राहिलीय, तिथं काळ्या मार्करनं भरायचं. वीस वर्षं हेच केल्यावर काही अपुरं दिसलं की हात शिवशिवतो.

आणि दुसरं म्हणजे आमची नाशिकची गल्ली. आमच्या घरासमोर गणपतीचा कारखाना होता आणि शाळेत असताना सुट्टीत मी तिथं असायचो. तिथं एक नियम होता. डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नसे. बिनडोळ्यांची मूर्ती घरात नेऊ नये, आई बजावून सांगायची. आखणी करायला मालक स्वतः बसायचे. मीही आखणी करायचो, पण फक्त उंदरांची. चार वर्षांत शेकडो उंदरांना मी दृष्टी दिली असेल. गणपतीपर्यंत मला बढती मिळाली नाही.

तर त्या रविवारी चार दशकांनी मला ती बढती मिळाली असं वाटून मी मार्करचं टोपण लावलं आणि झोपलो.

सोमवारी सकाळी उठलो तर शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या होत्या. जमिनीची, हवेतली, समुद्रातली, सगळी वाट बंद. माझ्या मार्करमुळं असं झालं, असं मी म्हणत नाही. बायकोनंही तसं कधी स्पष्ट म्हटलेलं नाही. पण सकाळी साइटवर गेलो तेव्हा सगळे उभे होते आणि कोणी काही करत नव्हतं, हे मला लख्ख आठवतं. खडीचे ट्रक सीमेवर अडकलेले. क्रेन आभाळात हात वर करून थांबलेल्या. आमचा साहेब ज्याच्या त्याच्याकडं बघून "इन्शाल्ला" म्हणत होता आणि तो शब्द त्यानं इतक्या हळू म्हटलेला मी कधी ऐकला नव्हता.

परतताना सुपरमार्केटमध्ये शिरलो. दुधाचं अख्खं कपाट रिकामं होतं. आतले दिवे चालू, थंड वाफ बाहेर येतेय आणि आत काही नाही. एक बाई दार उघडून बघत होती, लावत होती, परत उघडत होती. मी मागं उभा राहून तेच करायची वाट बघत होतो.

मंगळवारी संध्याकाळी आंटी आल्या. बायकोनं त्यांना बसवलं, मी चहा टाकायला आत गेलो. आमच्या घरात पाहुण्यांपासून लांब राहायचं असलं की चहा मी करतो. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं.

त्यांचा मुलगा बोटीवर होता. दुरुस्तीसाठी बोट सामुद्रधुनीच्या पलीकडच्या एका बंदरात गेली होती. नऊ माणसं. दोहाला परत यायला दोनेक दिवस लागतात.

"शेवटचा मेसेज रविवारी सकाळी आला," आंटी सांगत होत्या. "'निघतोय.' त्यानंतर काही नाही. फोन लागत नाही. कंपनीचं ऑफिस म्हणतं, बोट मागं वळवली असेल, कागदपत्रं तपासत असतील, थांबा. सगळे सांगतात थांबा."

 बायको दापोलीच्या पुढची, अगदी वाळूवर घर असलेली. समुद्रावर गेलेल्या माणसाबद्दल 'येईल हो, काळजी करू नका' असं ती कधी म्हणत नाही.

"कासव कसं आहे?" आंटींनी विचारलं.

माझ्या हातात साखरेचा चमचा होता, तो तसाच राहिला.

"आहे की, आतल्या खोलीत," बायको म्हणाली. तिला अजून काही माहीत नव्हतं. "आंटी, तुम्ही कासवच का काढता?"

तेव्हा आंटींनी सांगितलं. एरवी त्या इतकं बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी बोलणं थांबलं की त्यांना भीती वाटत असावी. त्यांच्याकडं समुद्री कासवाला होनू म्हणतात. काही घरांत तो राखणदार असतो. गेलेलं माणूस कुठल्यातरी प्राण्याच्या रूपात घरावर लक्ष ठेवतं. कोणाकडं शार्क, कोणाकडं घुबड. आंटींच्या घरात होनू. त्याला औमाकुआ म्हणतात.

"म्हणजे कुलदैवत," मी आतून ओरडलो. मला गप्प बसता येत नाही.

"नाही. दैवत नाही," आंटी म्हणाल्या. "नातेवाईक."

होनूला वाट माहीत असते, त्या म्हणाल्या. जिथल्या वाळूत जन्मला तिथंच हजारो मैलांवरून परत येतो. म्हणून लोक त्याची चित्रं लावतात. दीर्घायुष्याचं, घरी परतण्याचं चिन्ह म्हणून. विमानतळावर टॉवेलवर, कपांवर तोच छापलेला. "पण विकत आणून नातेवाईक होत नाही. तो ज्या घराचा, त्या घराचा."

"आणि याला डोळा का नाही?" बायकोनं विचारलं. तिनंही ते पाहिलं होतं तर. फक्त तिनं मार्कर आणला नव्हता.

"ही काही सगळ्या हवाईची रीत नाही. माझ्या आईच्या घरची आहे. घरचं कोणी पाण्यावर गेलं की कासव काढायचं आणि डोळा सोडायचा. तोवर ते त्याच्याबरोबर पाण्यात असतं. माणूस परत आला, दारात उभा राहिला की त्याच्यासमोर डोळा भरायचा. म्हणजे ते पहिल्यांदा त्याला बघतं. डोळा उघडला की कासव घरी आलं."

"आणि माणूस यायच्या आधीच उघडला तर?" बायको म्हणाली.

 चहा उतू गेला तरी मी गॅस बंद केला नाही.

"असं आमच्याकडं कोणी केलेलं नाही," आंटी म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी सरळ आतल्या खोलीत गेलो. मार्करवर लिहिलं होतं, 'पाण्यानं जात नाही.' वीस वर्षं तोच मार्कर मी त्याच कारणासाठी पसंत करत आलो होतो. मग मुलीच्या टेबलावरून नेलपॉलिश काढायची बाटली घेतली, कापूस बुडवला आणि अलगद टेकवला. डोळा हलला नाही. फक्त त्याच्या खालच्या कडेतून काळं पाणी सुटलं आणि कासवाच्या गालावरून ओघळत मानेपर्यंत गेलं. मी टिपायला गेलो तर ते आणखी पसरलं.

कासव रडत होतं.

मी कापूस हातात घेऊन तसाच बसलो असताना बायको दारात आली.

"हे काय?"

"डोळा."

"कुणाचा?"

"कासवाचा."

ती जवळ आली, वाकली. "हा उंदराचा आहे."

मग ती पलंगावर बसली. मी वाट बघत होतो की आता सुरू होईल. पण ती रागावली नाही आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. मुलगी मागून डोकावली, तिनं कासव पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"बाबा! शी ऑलवेज लीव्ज द आय! एव्हरीबडी नोज दॅट!"

"मग तेव्हा सांगायचं नाही?"

"संडे आफ्टरनून यू सेड होल्ड इट. आय हेल्ड इट."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "माझे काका तांडेल होते. होडीचे मुख्य. एकदा चार दिवस होडी आली नाही. काकी चारही दिवस पाठीमागच्या पडवीत बसून होती, दाराकडं तोंड करून. कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही."

"मग?" हे मला नवीन होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

"पाचव्या दिवशी होडी आली. काका आले नाहीत." तिनं कासवाकडं बोट केलं. "अंडी घालताना मादी अशीच रडते. किनाऱ्यावर आम्ही मुलं बघायला बसायचो. आणि ती गेली की अंडी उकरून आणायचो. मी खाल्लंय एकदा. आता आमच्या गावात राखण करतात, तेव्हा खायचे." आणि थोड्या वेळानं, "रविवारी सकाळी निघालेत. तुम्ही रविवारी दुपारी काढलात."

"अगं, त्याचा काय संबंध?"

"मी कुठं म्हटलं संबंध आहे?"

पुढचे दिवस मी चोरासारखे काढले. आंटी संध्याकाळी व्हिलाच्या पायरीवर बसायच्या, कंपाउंडच्या फाटकाकडं तोंड करून. उन्हं कलली तरी बेचाळीस-त्रेचाळीस असायचं. मी गाडी मागच्या फाटकानं आणू लागलो. बायको रोज डबा घेऊन जायची आणि डबा जवळपास तसाच परत यायचा. तुर्कस्तानातून विमानानं दूध आलं, त्याचं दही लागेना, तर बायकोनं तेच पातळ दही आंटींना नेऊन दिलं. म्हणाली, "खाणार नाहीतच, निदान पितील तरी."

मला मात्र दुसरीच भीती होती. एसी दुरुस्त झाला की आंटी चित्र मागणार. जूनच्या दोहात समोरच्या घरचा एसी दुरुस्त होऊ नये अशी प्रार्थना करणारा मी एकटाच माणूस असेन. मेकॅनिकचे सुटे भाग सीमेपलीकडून यायचे, ते अडकले होते, म्हणून माझी प्रार्थना चार दिवस ऐकली गेली. मग गुरुवारी मेकॅनिक दुसऱ्या कुठल्या जुन्या एसीचा पंखा की काय काढून घेऊन आला आणि अर्ध्या तासात "खलास!", म्हणजे झालं काम, म्हणून हात झटकत बाहेर पडला. समोरच्या व्हिलाच्या भिंतीतून पाणी ठिबकायला लागलं. एसी चालू.

शुक्रवारी दुपारी आंटी आल्या. पण चित्रासाठी नाही. "मला समुद्राकडं नेशील? इथला, शहरातल्या कॉर्निश रस्त्यावरचा नको. उत्तरेचा."

बायको म्हणाली, "नेतील की. आपण सगळेच जाऊ." आणि मी गाडी बाहेर काढेपर्यंत तिनं डिकीत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. चौकोनी.

"आज सांगायचं," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

उत्तरेला फुवैरितचा किनारा आहे, दीड तासावर. रस्ता सरळ, दोन्हीकडं फिकट वाळवंट, आणि त्या दिवशी वाऱ्यानं इतकी धूळ उडत होती की सूर्य उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा पांढुरका पिवळा दिसत होता.  मुलगी मागं आंटींचा हात धरून बसली होती. गाडी खालच्या गिअरमध्ये असल्यासारखं माझं डोकं चाललं होतं. आवाज खूप, वेग काही नाही.

किनारा बंद होता. त्या महिन्यांत तिथं कासवं अंडी घालायला येतात म्हणून कुंपण घालतात. तारेला पाटी, पाटीवर कासवाचं चित्र. आम्ही कुंपणापाशी उभे राहिलो. समोर वाळू आणि त्यापलीकडं धुळीच्या रंगाचं पाणी, त्यात एक बोट नाही. नेहमी क्षितिजावर चार-दोन ठिपके तरी असतात. त्या आठवड्यात समुद्र पुसून ठेवल्यासारखा होता.

"तो पलीकडं आहे," आंटी म्हणाल्या. "सामुद्रधुनीच्या बाहेर. मोठ्या पाण्यात."

"ते मोठं पाणी म्हणजे आमचा समुद्र," बायको म्हणाली. "आमच्याकडं जूनमध्ये होड्या ओढून वर ठेवतात." मग तिला वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. तिनं माझ्या पाठीला हात लावला. लावला कसला, ढकललं.

मी डिकी उघडली.

या वयात मी बऱ्याच जणांची माफी मागितलीय, बहुतेक वेळा बायकोची, त्यामुळं शब्द तयार असतात. त्या दिवशी एकही आला नाही. मी चादर सोडली, चित्र कुंपणाला टेकवलं आणि म्हटलं, "मी काढला."

आंटी खाली वाळूत बसल्या. डोळ्याकडं बघितलं. मग त्या ओघळावरून बोट फिरवलं.

"हे?"

"पुसायला गेलो."

त्या हसल्या. असं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मुलगी दोन पावलं मागं सरली.

"कधी काढलास?"

"रविवारी. दुपारी."

"उघडला तेव्हा समोर कोण होतं?"

"मी. म्हणजे मी खालून, बाजूनं... समोर ही होती. हिनं धरलं होतं."

आंटींनी मुलीकडं पाहिलं. बायकोचा हात माझ्या पाठीवरून निघाला आणि मुलीच्या दंडावर गेला.

"मग ते आता हिचं आहे," आंटी म्हणाल्या. "तुमच्या घरात उघडलं, हिला बघितलं. घेऊन जा."

"आणि तुमचा मुलगा?" बायकोनं विचारलं.

आंटी कुंपणातून समुद्राकडं बघत होत्या. "तो आता एकटा आहे."

वाळू तारांवर आपटून बारीक आवाज करत होती. मी काहीतरी म्हणालो. आंटी, हे नुसतं चित्र आहे, असं काहीतरी. त्यांनी ऐकलं नाही, बरं झालं. त्या उठल्या, कपडे झटकले. "दुसरं काढायला हवं. घरी चल. वेळ मिळाला तर मिळाला."

बायको त्यांच्यामागं गेली. "आंटी, ही ऑगस्टमध्ये लांब जातेय. समुद्रापलीकडं. हिचं कासव असं उघड्या डोळ्यानं..."

"मला माहीत नाही," आंटी म्हणाल्या. अगदी प्रेमानं म्हणाल्या. "तुला सांगितलं ना, असं कोणी केलेलं नाही."

दोहाजवळ आलो तेव्हा रोजा सुटायची वेळ झाली होती. सिग्नलवर मुलं खजूर आणि पाण्याच्या बाटल्या वाटत होती, "यल्ला, यल्ला", चला-चला करत प्रत्येक काचेवर टकटक करत. मी काच खाली केली. पोरानं पाच पाकिटं दिली. गाडीत आम्ही चारजण होतो. काहीही कारण नसताना मी ते पाचवं पाकीट घरापर्यंत डॅशबोर्डवर ठेवलं आणि त्याला कोणी हात लावला नाही.

त्यानंतर आंटी घराबाहेर दिसल्या नाहीत. व्हिलाचे पडदे लावलेले, भिंतीतून एसीचं पाणी ठिबकतंय. बायको डबा दारात ठेवून यायची. मंगळवारी तिनं आत डोकावून पाहिलं. म्हणाली, "कवच झालंय.  मधेच थांबतात आणि मोबाइल बघतात." बुधवारी म्हणाली, "मान झाली." आमच्या घरात सगळे त्या चित्राच्या बातम्या क्रिकेटच्या स्कोअरसारख्या विचारायचे, आणि पुढं काय विचारायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. साइटवर ओमानमार्गे खडी यायला लागली, क्रेन हलल्या. मी ड्रॉइंग बघायचो. कुठं काही कोरं राहिलेलं दिसलं तर खालच्या माणसाकडं ढकलायचो. माझ्या हाताला मी सुट्टी दिली होती.

गुरुवारी सकाळी बायकोचा ऑफिसात फोन आला. ती फोनवर नेहमी आधी जेवलात का विचारते. या वेळी म्हणाली, "सापडले." ओमानच्या मच्छीमारांना बोट दिसली होती. इंजिन बंद, वीज बंद, वायरलेस बंद. नऊच्या नऊ माणसं जिवंत. ओढत किनाऱ्याला आणली. मस्कतहून विमान चालू होतं.

तो आला शनिवारी दुपारी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. हातात फक्त प्लास्टिकची पिशवी. आंटींनी त्याला दारातच थांबवलं. उन्हात, उंबऱ्याच्या बाहेर. मग आतून चित्र आणलं, त्याच्या छातीसमोर धरायला लावलं, आणि सर्वांत बारीक ब्रश घेऊन डोळा भरला.  मग त्याला आत घेतलं आणि दार लावलं. तो डोळा मी नंतर पाहिला. तो कासवाचा होता.

आठवड्याभरानं तो आमच्याकडं आला, डब्यांबद्दल आभार मानायला. फार बोलत नव्हता. पाणी मोजून प्यायचो म्हणाला. रात्री दिवा दिसत नव्हता, दिवसा किनारा. बोट आपली चाललेली, जिकडं पाणी नेईल तिकडं. आमचं कासव तोपर्यंत हॉलच्या भिंतीवर लागलं होतं, कारण आंटींनी घेऊन जा म्हटलं होतं आणि कपाटात कोंडून ठेवायची आमची कोणाचीच हिंमत नव्हती. बोलता बोलता त्याचं लक्ष तिकडं गेलं. तो थांबला. मग उठून त्यानं आपली खुर्ची उचलली आणि तीन-चार फूट बाजूला सरकवून बसला, त्या डोळ्यासमोरून बाहेर. 

इंजिन नेमकं कुठल्या वारी बंद पडलं, हे मी विचारलं नाही. बायकोनं विचारलं नाही. मुलगी विचारणार असं तिच्या तोंडावरून दिसलं तेव्हा मी तिला चहा आणायला पाठवलं.

जुलै संपायच्या आत दोघं मायलेक कायमचे परत गेले. निघताना आंटींनी मुलीच्या कपाळाला कपाळ लावलं, डोळे मिटून बराच वेळ. माझ्याशी हात मिळवला. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी गेली ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या विमानानं. आदल्या दिवशी तिनं त्या कासवासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. "बाबा, इट्स क्यूट, यू नो. इट लुक्स वरीड." मी हसलो. बायको भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

विमानतळावर सगळं नेहमीसारखं झालं. ट्रॉली, वजन, मी नको तेवढे सल्ले दिले, ती "ओके बाबा, ओके" म्हणाली, मग काचेपलीकडं तिची पाठ दिसली आणि मग दिसली नाही. आम्ही घरी आलो. दार उघडलं. हॉलमध्ये एसीची घरघर चालू होती आणि भिंतीवरून ते उंदराच्या डोळ्याचं कासव आमच्याकडं बघत होतं. आमच्याकडं कसलं, आमच्या मागं. दोघांच्या मधोमध, जिथं ती उभी असायची.

"अगं," मी म्हटलं, "नऊच्या नऊ माणसं आलीच ना परत? मग?"

तिनं पर्स खाली ठेवली. कासवापाशी गेली. आपल्या कपाळावरची मरून टिकली नखानं काढली आणि कासवाच्या डोळ्यावर चिकटवली. अंगठ्यानं दाबून धरली, आरशावर दाबतात तशी, कडा नीट बसेपर्यंत. ओघळ तेवढा खाली उघडा राहिला.

मग माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, "ती दारात आली की मी स्वतः काढीन. तोवर तुम्ही या भिंतीकडं फिरकायचं नाही, आणि टिकली पडलीच, तर आधी मला हाक मारायची. हात लावायचा नाही."